आला तसा

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी टेबलावर अकरा वस्तू होत्या. इस्पितळाच्या औषधविभागातून तपासणीला आलेला एक वजनकाटा. प्रमाण वजनांची एक पेटी, आत एकवीस वजनं, एकवीसच्या एकवीस आपापल्या खोबणीत. ती उचलायचा चिमटा, एक मऊ ब्रश, हातमोज्यांचा एक जोड, एक थर्मामीटर, हवेतला ओलावा दाखवणारं काडेपेटीएवढं यंत्र, एक कोरा फॉर्म, एक पेन, त्याच काट्याच्या मागच्या वर्षीच्या सर्टिफिकेटची प्रत आणि एक मोबाइल. पहिल्या दहा वस्तू नियमाप्रमाणे होत्या. अकरावी बाहेरच्या कप्प्यात असायला हवी होती.

काटे तपासायच्या या लॅबमध्ये तिला आठ वर्षं झाली होती. सगळे तिला दशांश म्हणत, कारण किती वाजले असं विचारलं तरी ती सेकंदांसकट सांगायची. तिच्या हाताखालून वर्षाला चारशेच्या आसपास काटे जात: सोनारांचे, रंगाच्या कारखान्यांचे, शाळांचे, इस्पितळांचे. प्रत्येक काट्यासाठी एक फॉर्म असे आणि फॉर्ममध्ये दोन रकाने. पहिला 'आला तसा', दुसरा 'दिला तसा'. काटा आला तेव्हा किती चुकत होता ते पहिल्यात, दुरुस्त केल्यावर किती चुकतो ते दुसऱ्यात. लोकांना वाटतं महत्त्वाचा दुसरा. पण दुसरा रकाना फक्त उद्यापासूनचं सांगतो. गेल्या वर्षभरात त्या काट्यावर जे काही तोललं गेलं ते बरोबर होतं का, याचं उत्तर पहिल्यात असतं. ते एकदाच घेता येतं, काट्याला हात लावण्याआधी.

नऊ बाराला मोबाइलवर ताईचा मेसेज आला. "आईची खोली रविवारी रिकामी करायची आहे. येतेस, की तुला कामं आहेत?"

तिने तो वाचला. मोबाइल पालथा ठेवला. हातमोजे चढवले, काटा शून्यावर आणला, चिमट्याने शंभर ग्रॅमचं वजन उचललं आणि डाव्या हाताच्या अंगठ्याने 'कॅल' लिहिलेलं बटण दाबलं. काट्याने वजन मागितलं, तिने ठेवलं. बारीक शिट्टी वाजली. पडद्यावर शंभर आणि पुढे चार शून्यं उमटली, स्वच्छ, एकही आकडा लुकलुकत नव्हता.

मग ती फॉर्मकडे वळली आणि पहिला रकाना कोरा दिसला.

बटण दाबलं की काटा स्वतःला दुरुस्त करून घेतो आणि आधीचं सगळं विसरतो. तापलेल्या माणसाला औषध पाजून, ताप उतरल्यावर थर्मामीटर लावावा, तसं झालं होतं. लॅबमध्ये नवी येणारी माणसं पहिल्या महिन्यात ही चूक हमखास करतात. आठ वर्षं झालेली करत नाहीत. अशा वेळी काय करायचं तेही ठरलेलं होतं: गुलाबी चूक-पत्रक भरायचं, प्रमुख बाईंकडे द्यायचं आणि काटा पाठवणाऱ्याला लेखी कळवायचं की आधीची स्थिती समजू शकली नाही. वीस मिनिटांचं काम.

मागच्या वर्षीच्या सर्टिफिकेटवर 'आला तसा'च्या खाली लिहिलं होतं: दोनशे मिलिग्रॅमला चूक ०.१ मिलिग्रॅम. तिने तोच आकडा उतरवला. खाली सही केली. सहीचा शेवटचा फाटा नेहमीइतकाच वर गेला. मग तिने 'दिला तसा' रकाना नीट, नियमाप्रमाणे, दहा-दहा वेळा तोलून भरला, आणि बुधवारी काटा परत गेला.

आई जाऊन पाच महिने झाले होते. तिसऱ्या दिवशी ती कामावर आली होती. कशी आहेस, असं नऊ जणांनी विचारलं होतं आणि नवांनाही तिने "ठीक आहे" सांगितलं होतं. तेव्हापासून ती वेळेवर उठत होती, वेळेवर जेवत होती, बसमध्ये खिडकीशी बसत होती. रडू आलं नव्हतं. हसूही फारसं येत नव्हतं, पण त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

गुरुवारी संध्याकाळी ती आईकडे जायची. तो दीड तास मोकळा पडला, म्हणून ती ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर भरणाऱ्या वर्गाला जाऊ लागली. दारावर पुठ्ठा होता: 'रोजच्या जगण्यासाठी तत्त्वज्ञान. गुरुवारी सहा ते साडेसात. वही आणा.' वर्ग घेणारे गृहस्थ निवृत्त दंतवैद्य होते. चौतीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावल्यावर त्यांना इतर बाबतींतही डोकावावंसं वाटू लागलं होतं.

"माणूस खालच्या दाढेकडे बोट दाखवतो," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आणि किडलेली असते वरची. खोटं बोलत नसतो बिचारा. त्याला तिथेच दुखत असतं. म्हणून मी आधी सगळे दात वाजवून बघायचो. इथेही तेच करायचंय."

वाजवून बघायचं म्हणजे वहीत तीन रकाने आखायचे: काय झालं, मी काय केलं, आतून काय वाटलं. रोज सकाळी आदल्या दिवसाचं लिहायचं. दोन महिने फक्त लिहायचं, स्वतःला सुधारायला जायचं नाही. वर्गात वाचून दाखवताना कुणी "मी चिडलो, पण..." म्हणालं की दंतवैद्य हात वर करत. "पणच्या पुढचं आपल्याला नकोय. ते कवळीसारखं असतं, छान दिसतं, तुमचं नसतं."

वर्गात सात जण होते. केस कापणाऱ्या बाई एकदा वाचत होत्या: "गिऱ्हाईक म्हणालं, केस जास्त कापले. मी म्हटलं, सध्या अशीच फॅशन आहे. आतून वाटलं, जास्तच कापलेत."

"शाबास," दंतवैद्य म्हणाले.

"शाबास काय," शेजारचे बसचालक म्हणाले. "त्या गिऱ्हाइकाला विचारा. टोपी घालून फिरत असेल."

तिची वही सगळ्यांत नीटनेटकी होती. पहिल्या रकान्यात वेळा होत्या, दुसऱ्यात क्रियापदं. तिसऱ्यात ती रोज एक शून्य काढायची, गोल, न तुटलेलं. तिला ते खरंच वाटत होतं. आत काही नाही, म्हणून शून्य.

रविवारी ती ताईबरोबर आईच्या खोलीत गेली. एकच खोली, एक पलंग, एक कपाट, खिडकीत दोन कुंड्या, दोन्ही सुकलेल्या. ताई कपाटातून कपडे काढून पलंगावर टाकत होती, आणि ती दाराजवळच्या खुर्चीत वही घेऊन बसली होती.

"काय लिहितेयस?"

"यादी. चष्मे तीन, त्यातल्या एकाला काडी नाही. स्वेटर सहा. औषधाच्या अर्धवट बाटल्या चार."

"ए धाकटे," ताई म्हणाली, "आईचं सामान आहे हे. तुझ्या लॅबमधला माल नाही."

"किती आहे ते कळायला नको?"

"मला कळतंय किती आहे. मी उचलतेय ना." ताईने एक स्वेटर घडी करायला घेतला, निम्म्यात सोडला आणि तसाच मांडीवर ठेवून बसली. "तुला एक विचारू? त्या दिवशी इस्पितळातून आल्यावर मी तुला विचारलं होतं, कशी आहेस. तू म्हणालीस, ठीक."

"हो."

"होतीस?"

तिने विचार केला. तो दिवस तिला आठवत होता. जिन्याच्या सतरा पायऱ्या, ताईच्या हातातली आईची पिशवी, पाण्याचा ग्लास. त्या सगळ्यात ती स्वतः कशी होती ते कुठेच लिहून ठेवलेलं नव्हतं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"पाच महिन्यांनी सांगतेयस."

"तेव्हा बघितलंच नव्हतं."

ताईने तो स्वेटर नीट घडी करून तिच्याकडे फेकला. "घे. हा तुझ्या मापाचा आहे. आणि यादीत पाच कर."

तिने पाच केले.

गुरुवारी दुपारी अडीचला लॅबचा फोन वाजला. इस्पितळाच्या औषधविभागातल्या बाई होत्या. त्यांचा तिचा परिचय आवाजापुरताच; वर्षातून एकदा, काटा आला का आणि काटा निघाला का, एवढ्यासाठी.

"तुमच्या कागदावर लिहिलंय की आमचा काटा आला तेव्हा मर्यादेत होता," बाई म्हणाल्या. "म्हणजे अगदी नगण्य चूक. बरोबर ना?"

"का, काय झालं?"

"काही झालं असं नाही. मी तान्ह्या बाळांच्या पुड्या बांधते, माहितीय ना? मोठ्यांची गोळी कुटायची, साखरेच्या भुकटीत मिसळायची, एकेका पुडीत दोनशे मिलिग्रॅम. पंधरा वर्षं तेच करतेय. काटा तुमच्याकडून आल्यापासून पुडी हाताला भरल्यासारखी लागते."

"भरल्यासारखी."

"थोडीशी. घडी घालताना कळतं. मला वाटलं, माझाच भास. म्हणून विचारते, आधी बरोबर होता ना? कारण आधी कमी दाखवत असेल, जास्त दाखवत असेल, तर इतके महिने बाळांना..." बाई थांबल्या. "काही बाळं दोन-अडीच किलोची असतात हो."

"मर्यादेत होता," ती म्हणाली. "पॉइंट एक."

"मग भासच." बाई मोकळेपणाने हसल्या. "म्हातारी झाले. बरं, ठेवते."

तिने रिसीव्हर जागेवर ठेवला. घड्याळात दोन वाजून चौतीस मिनिटं झाली होती. लिहिलेला आकडा आता बोललेलाही झाला होता. खोलीचं तापमान वीस पूर्णांक एक. समोर एका शाळेचा काटा होता, तिने त्याचा पहिला रकाना भरला, मग दुसरा. चुकीचं काही झालं नाही. पाच वाजता पेटीतली वजनं मोजून पेटी बंद केली, आणि वर्गाला गेली.

त्या दिवशी वाचायची पाळी तिची होती. तिने आठवड्याचे सात दिवस वाचले, सात वेळा "शून्य" म्हणाली, आणि वही मिटली.

"किती झाली?" दंतवैद्यांनी विचारलं.

"एकोणपन्नास दिवस. एकोणपन्नास शून्यं."

बसचालक खुर्चीत पुढे सरकले. "ताई, रागावू नका. आमच्या गाडीत वेगाचा काटा शून्यावर असतो तेव्हा दोनच गोष्टी असतात. एक तर गाडी उभी आहे, नाहीतर खालची वायर तुटलीय. गाडी चालू असताना शून्य दिसलं तर आम्ही गाडी उभी आहे असं लिहून देत नाही. डेपोत नेतो."

केस कापणाऱ्या बाई हसल्या. दंतवैद्य हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मला एवढंच सांगा. रोज सकाळी तुम्ही आत बघता आणि काही सापडत नाही म्हणून शून्य लिहिता? की आधी शून्य लिहून मोकळ्या होता?"

कुणी खोटं सांगावं असा तो प्रश्न नव्हता, आणि खोटं सांगायचं असतं तरी सात माणसांपुढे तिला ते जमलं नसतं. ती आठवू लागली. सकाळी चहा ठेवते, वही उघडते, शून्य काढते, मग चहा उकळतो.

"लिहून मोकळी होते," ती म्हणाली. "चहा उकळायच्या आधी."

"मग ते शून्य नाहीच. तिथे रीडिंग घेतलंच नाहीये. तुमच्या लॅबमध्ये असं कुणी केलं, न मोजता आकडा लिहिला, तर काय करतात?"

"गुलाबी कागद भरायला लावतात."

"आणि काय लिहितात त्यावर?"

"'आधीची स्थिती समजू शकली नाही.'"

"बस," दंतवैद्य म्हणाले. "तेवढंच लिहा. जड जाईल. माणसाला कोरी जागा बघवत नाही, काहीतरी भरून टाकावंसं वाटतं."

पुढे बसचालकांनी त्यांचं वाचलं, मुलाशी झालेल्या भांडणाचं. तिने ते ऐकलं की नाही, सांगता येणार नाही. तिच्या डोळ्यांपुढे एक फॉर्म होता आणि त्याच्या पहिल्या रकान्यात ०.१ लिहिलेलं होतं.

शुक्रवारी सकाळी वही उघडल्यावर तिने पहिल्या रकान्यात फोनची वेळ लिहिली. दुसऱ्यात लिहिलं: खोटं सांगितलं. तिसऱ्याशी पेन टेकवून ती चहा उकळेपर्यंत थांबली. काय आहे ते कळेना. तिने रकाना मोकळा सोडला.

लॅबच्या प्रमुख बाईंना मागे सगळे चौकटबाई म्हणत, कारण फॉर्ममधली एकही चौकट रिकामी राहिलेली त्यांना खपत नसे. नाकावर माशी बसू न देणाऱ्या बाई. तिने भरून आणलेलं चूक-पत्रक त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचलं.

"हे पांढऱ्यावर का लिहिलंय?"

"गुलाबी संपलेत."

"माझ्या कपाटात वरच्या खणात आहेत. उतरवून काढा." मग त्यांनी कागद खाली ठेवला. "मागच्या आठवड्यातल्या मंगळवारची गोष्ट. आज शुक्रवार. मधल्या वेळात?"

"मधल्या वेळात काल त्यांचा फोन आला. मी मर्यादेत होता म्हणून सांगितलं."

"दोनदा."

"दोनदा."

"मला हे कळलं नसतं," चौकटबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता. एखादा आकडा वाचावा तशा त्या म्हणाल्या. "तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

"सहीचा अधिकार काढून घेतला असता. सहा महिने."

"मग काढला. आजपासून तुमच्या फॉर्मवर सही माझी." त्यांनी ड्रॉवरमधून पेन काढलं आणि तारीख टाकली. "आता हे सांगा, काटा आला तेव्हा कसा होता ते कळायचा अजून काही मार्ग आहे?"

"काट्याकडून नाही. त्याच्यावर तोललेलं काही शिल्लक असेल तर."

"मग इथे काय उभ्या आहात? फोन करा."

तिने फोन केला. "मी काल तुम्हाला खोटं सांगितलं," ती म्हणाली, आणि मग घडलं तसं, क्रमाने, बटणापासून सांगितलं. पलीकडे कुठलं तरी ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला.

"म्हणजे चुकत होता?" औषधविभागातल्या बाईंनी विचारलं.

"माहीत नाही."

"किती चुकत होता तेही?"

"तेही नाही. तुम्ही जुन्या पुड्या ठेवता का?"

"ठेवते ना. दर आठवड्याच्या घाण्यातली एक पुडी बाजूला काढायची, वर्षभर ठेवायची. आम्ही तिला साक्षीदार म्हणतो." बाईंचा आवाज कोरडा झाला होता. "आतापर्यंत कुणी साक्षीला बोलावलं नव्हतं. उद्या सकाळी या. आणि तुमचा काटा आणा. आमच्यावर माझा विश्वास नाही, तुमच्यावर आहे असंही समजू नका."

शनिवारी सकाळी ती औषधविभागात पोचली तेव्हा बाईंनी टेबल पुसून ठेवलं होतं. तळघरातली लांबट खोली, एक उंच खिडकी, तीन भिंतींना खण. बाई साठीच्या आसपासच्या, बुटक्या, हाताची बोटं भुकटीने पांढुरकी. त्यांनी बसायला स्टूल पुढे केलं, पाणी विचारलं नाही.

मागच्या तपासणीपासून काट्याचं काय झालं, ते बोलता बोलता निघालं. सहा महिन्यांपूर्वी विभाग वरच्या मजल्यावरून इथे हलवला होता. सामान हलवणाऱ्यांतल्या एकाने काटा टेबलावर ठेवल्यावर तो "नीट करून" दिला होता. बाईंनी पाहिलं होतं. त्याने ते बटण दाबलं आणि हाताशी होतं ते जुनं, कडा झिजलेलं वजन ठेवलं. रोजच्या पडताळणीचं चांगलं वजन त्याच धांदलीत हरवलं होतं. नवं मागवलेलं अजून आलं नव्हतं.

"त्यानेही आधी बघितलं नाही," बाई म्हणाल्या. "सगळ्यांनाच नीट करून द्यायची घाई."

तिने आपला काटा मांडला, बूड समतल केलं, पाऊण तास तापू दिला, आणि दोनशे मिलिग्रॅमचं प्रमाण वजन दहा वेळा ठेवलं. दहाही वेळा काटा बरोबर होता.

ड्रॉवरमध्ये पन्नास पुड्या होत्या. विभाग हलण्याआधीच्या सव्वीस, नंतरच्या, काटा लॅबमध्ये जाईपर्यंतच्या, चोवीस. प्रत्येकीवर बारीक अक्षरात तारीख.

"तारखांवर पट्टी चिकटवा," ती म्हणाली. "मग पत्त्यांसारख्या पिसा आणि एकपासून पन्नासपर्यंत आकडे घाला. कुठली आधीची, कुठली नंतरची, ते तुमच्याजवळ ठेवा. मला कळू देऊ नका."

"का?"

"मला काय यायला हवंय ते मला माहीत आहे. हात तिकडे झुकेल."

बाईंनी पट्टीची गुंडाळी शोधता शोधता वर पाहिलं. "काय यायला हवंय?"

"काही फरक नसावा."

हे बोलून झाल्यावर ती जरा थांबली. छातीच्या मध्यभागी, डावीकडे थोडंसं, काहीतरी होतं. आवळून धरलेल्या मुठीएवढं. ते कधीपासून होतं ते तिला सांगता आलं नसतं. तिने वही काढली, शनिवारच्या तिसऱ्या रकान्यात 'भीती?' असं लिहिलं, पुढे वेळ टाकली, दहा वाजून छप्पन्न, आणि वही पिशवीत टाकली.

मग काम सुरू झालं. पुडी काट्यावर ठेवायची, आकडा लिहायचा. पुडी उघडून भुकटी वाटीत रिकामी करायची, कागद ब्रशने झाडायचा. रिकामा कागद तोलायचा. वजाबाकी शेवटी करायची, मध्ये नाही. पन्नास पुड्या म्हणजे शंभर वेळा तोलणं. बाई शेजारी बसून कागद उलगडून देत होत्या. पंधरा वर्षांच्या सवयीने त्यांची बोटं घडी नुसती स्पर्शाने सोडवत.

"तुम्ही सांगितलं नसतं तर मी भास म्हणून सोडून दिलं असतं," विसाव्या पुडीच्या सुमारास बाई म्हणाल्या.

"हो."

"चांगलं केलंत असं मी म्हणणार नाही."

"नका म्हणू."

"आधीच सांगायला हवं होतं."

"हो."

बाईंनी एकविसावी पुडी पुढे सरकवली. "तुमची मान अवघडलीय. जरा सरळ बसा."

ती सरळ बसली. खिडकीतलं ऊन टेबलाच्या कडेपर्यंत आलं तेव्हा ती स्टूल घेऊन खिडकीच्या बाजूला सरकली, काट्यावर ऊन पडू नये म्हणून. एक वाजता ताईचा फोन आला, तिने तो उचलला नाही, "कामात आहे" असा मेसेज लिहिला, पाठवण्याआधी खोडला आणि लिहिलं, "एका चुकीच्या निस्तरण्यात आहे. घाबरलेय. संध्याकाळी येऊ का?" उत्तर लगेच आलं: "ये."

तीन वाजायला पाच मिनिटं असताना पन्नासावा कागद तोलून झाला. तिने वजाबाक्या केल्या, दोनदा. मग बाईंनी त्यांचा कागद उघडला, आणि कुठला आकडा आधीचा, कुठला नंतरचा, ते एकेक करून वाचत गेल्या. ती दोन रकान्यांत उतरवत गेली. निम्म्यावर आल्यावर बाईंचा आवाज हळू झाला. आकडे त्यांनाही दिसत होते.

बेरजा झाल्यावर बाई उठल्या, भिंतीवरचं रजिस्टर काढलं, चष्मा लावला, आणि फोन जवळ ओढून बाळांच्या डॉक्टरांचा नंबर फिरवू लागल्या. तिने पिशवीतून नवा फॉर्म काढला आणि भरायला घेतला.

विभाग हलण्याआधीच्या सव्वीस पुड्या: सरासरी १९९.८ मिलिग्रॅम.
विभाग हलल्यानंतरच्या चोवीस पुड्या: सरासरी १९१.३ मिलिग्रॅम. घट ४.३ टक्के.
पुडीला चालणाऱ्या पाच टक्क्यांच्या मर्यादेबाहेर: चोवीसपैकी तीन.
आला तसा (पुड्यांवरून, मागाहून काढलेला): दोनशे मिलिग्रॅमला ८.९ मिलिग्रॅम जास्त दाखवत होता.